काकीच्या कार्डावरचं पाणी

गेल्या मे महिन्यात कोकणातल्या आमच्या वाडीत एकाच सकाळी दोन गाड्या आल्या. आधी पाण्याचा टँकर, मागोमाग रेशनचा टेम्पो. चढणीचा रस्ता एका गाडीपुरताच, म्हणून टेम्पो खाली वडापाशी थांबला आणि टँकरवाला वर वाडीच्या टाकीत पाइप सोडून सावलीत विडी ओढत बसला. टँकर दहा हजार लिटरचा, वाडीत घरं तीस. हा भागाकार बायका कळश्यांनी करतात, आणि बाकी उरली की भांडण होतं.

काकीने आपल्या कळश्या रांगेत लावल्या आणि वहिनीला रेशनला पिटाळलं. काकीचा स्वतःचा अंगठा मशीनवर उठत नाही. साठ वर्षं दोरी ओढून, विळा धरून बोटांवरच्या रेषा पुसल्यात, त्यामुळे सरकारदरबारी ती वहिनीच्या अंगठ्यावर जगते. ओझं उचलायला म्हणून मी वहिनीबरोबर गेलो. दुकानदार पहिलं पोतं फोडत होता. तागाचं, पन्नास किलोचं, तोंडाला जाड सुतळीची शिवण, आणि अंगावर निळ्या शाईत ठोकळ्याने उठवलेली अक्षरं: पंजाब, त्याखाली आरएमएस आणि साल. आरएमएस म्हणजे रब्बी मार्केटिंग सीझन, हे दुकानदारानेच सांगितलं. वीस वर्षं पोती फोडून त्याला भारताचा नकाशा पाठ झालाय.

घरी आल्यावर काकी सुपात गहू घेऊन बसली. खडे वेचता वेचता तिने विचारलं, "झिला, ह्यो गहू खयचो?"

"पंजाबचो."

"थंय पाऊस किती पडता?"

"आपल्या पाचव्या वाट्याइतको."

तिचा हात थांबला. "मगे पाणी खयसून आणतत?"

"जमनीतसून काढतत. बोरिंग मारून."

"आणि ता संपला मगे?"

मी उत्तर दिलं नाही. बाहेर टँकरचा पाइप निघाला होता, ती कळश्यांकडे धावली.

त्या दुपारी मी तिच्या कार्डाचा हिशेब मांडला. कार्डावर चार माणसं, माणशी पाच किलो. आमच्याकडे त्या महिन्यात आठ किलो गहू आणि बारा किलो तांदूळ मिळाला. एक किलो गहू पिकायला जगाच्या सरासरीने १,८०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, एक किलो भरडून साफ केलेल्या तांदळाला सुमारे २,५०० लिटर. पंजाबात एकरी पीक जास्त येत असल्याने गव्हाचा आकडा तिथे कमी भरेल, पण ढोबळ हिशेबाला सरासरी चालते. आठाला चौदा हजार चारशे, बाराला तीस हजार. म्हणजे महिन्याला चव्वेचाळीस हजार लिटर, जवळजवळ साडेचार टँकर, एकट्या काकीच्या घरात शिरतात आणि त्यासाठी कोणी रांग लावत नाही, कळशी आपटत नाही, ग्रामपंचायतीत अर्ज देत नाही. टँकरच्या वाटणीतून मात्र तिच्या घराला त्या सकाळी तीनशे-सव्वातीनशे लिटर आलं, आणि त्यावर दोन दिवस काढायचे होते.

धान्यात दडून फिरणाऱ्या या पाण्याला 'आभासी पाणी' म्हणतात. लंडनचे प्राध्यापक टोनी अ‍ॅलन यांनी नव्वदीच्या सुरुवातीला हा विचार मांडला. पश्चिम आशियातले कोरडे देश पाण्यावरून युद्धाला का उभे राहत नाहीत, हा त्यांना पडलेला प्रश्न होता. उत्तर बंदरावर उतरणाऱ्या गव्हाच्या बोटींत सापडलं. जिथे नदी नाही तिथे धान्य जातं, आणि धान्यात दुसऱ्याची नदी असते. २००८ साली त्यांना स्टॉकहोम जलपुरस्कार मिळाला. (हाच पुरस्कार १९९३ साली आपल्या माधवराव चितळ्यांना मिळाला होता, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं.) पुढे अभ्यासकांनी या पाण्याला रंग दिले. पावसाचं, मातीत मुरून मुळांनी प्यायलेलं ते हिरवं. नदी, धरण, विहीर, बोअरवेल यांतून उपसलेलं ते निळं. आणि खतं-औषधांनी नासलेलं पाणी पुन्हा धड करायला जितकं लागेल तितकं करडं.

मला या रंगांचं भारी वाटलं. कारण ते कळल्यावर आमच्या घराची देवाणघेवाण एकदम डोळ्यांसमोर आली. आमच्या परड्यातून जो आंबा वाशीला जातो तो बहुतेक हिरव्या पाण्याचा. कलम लहान असताना दोनतीन उन्हाळे घागरीने शिंपायचं, नंतर कातळाच्या फटीत मुळं गेली की झाड आणि पाऊस बघून घेतात. पाच डझनांची पेटी पंधरा किलोची धरली तर सरासरीने तिच्यात सत्तावीस हजार लिटर पाणी आहे. काजू तर किलोला चौदा हजार लिटरच्या घरात जातो, आणि तरीही वेंगुर्ला-चार आणि वेंगुर्ला-सातची आमची झाडं माझ्या आठवणीत कधी कोणी शिंपलेली नाहीत. तेव्हा आम्ही बाहेर पाठवतो ते आभाळाचं पाणी, फुकट आलेलं आणि नाहीतरी समुद्रात जाणारं. त्या बदल्यात घरात येतं ते कुणीतरी वीज जाळून, जमीन पोखरून वर काढलेलं. सौदा आमच्या फायद्याचा आहे, आणि तो तसा आहे हे आम्हाला ठाऊकसुद्धा नाही.

कोकणात येणाऱ्या अन्नाचं मोजमाप करायचं तर कणकवली स्टेशनवर तासभर बसावं. कोकण रेल्वेने १९९९ पासून रो-रो सेवा चालवली आहे. भरलेले ट्रक कोलाडला सपाट वाघिणींवर चढवतात आणि गाडी त्यांना गोव्यापर्यंत घेऊन जाते. मी एकदा पॅसेंजरची वाट बघत असताना अशी गाडी पुढ्यातून सावकाश गेली. ताडपत्री आवळलेले ट्रक एकामागे एक. एका केबिनमध्ये ड्रायव्हर स्टिअरिंगवर पाय टाकून झोपलेला, आरशाला टॉवेल वाळत घातलेला. मधल्या तीनचार ट्रकांवरून कांद्याचा वास आला. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "नाशिक चाललां." माणसं म्हणतात तसं कांदा चाललाय असं नाही, नाशिक चाललं. एवढ्या नेमकेपणाने आभासी पाण्याची व्याख्या कोणी केलेली नाही.

रेल्वेतून उरतं ते घाटातून उतरतं. आंबोली, करूळ, फोंडा, आंबा, कुंभार्ली. पहाटे साडेचारला भाजीचे टेम्पो लागतात. कोबी, टोमॅटो, ढबू मिरची, कोथिंबिरीच्या जुड्या, दुधाच्या पिशव्या, आणि साखर. आमच्या आठवडा बाजारात स्थानिक म्हणून जे असतं ते भाजीवाल्या म्हाताऱ्यांच्या टोपलीत: लाल माठ, दोन पडवळ, मुळा, आणि एप्रिलनंतर तेही नाही. बाकी सगळं 'घाटावरचा'. हा शब्द आमच्याकडे जरा नाक मुरडून वापरतात, जेवताना मात्र मुरडत नाहीत.

साखरेबद्दल एक हिशेब मला विसरता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं, 'जलदूत' नावाच्या गाडीने. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. फोटो सगळ्यांनी पाहिले. किलोभर साखरेमागे जगाच्या सरासरीने १,८०० लिटरच्या आतबाहेर पाणी लागतं. म्हणजे त्या ऐतिहासिक फेरीतलं पाणी पावणेतीनशे-तीनशे किलो साखरेइतकं. सहा पोती. मराठवाड्यातल्या कारखान्यांतून अशी किती सहा पोती एका ट्रकमधून, एका दुपारी, कुठल्याही फोटोशिवाय बाहेर पडली असतील! आणि त्यातली काही आमच्या चहात.

आता कोयना. घाटावरचं खरं, ओलं, दिसणारं पाणी कोकणात येतं ते इथे. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी पूर्वेला कृष्णेला मिळते, तिला धरणाने अडवून बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला खाली सोडलं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या या पाण्यावर वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली. एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटी लिटरहून जास्त. हे पाणी टर्बाइन फिरवून, पुढे कोळकेवाडीला पुन्हा वीज करून, वाशिष्ठीत उतरतं आणि त्यातलं बहुतेक दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. मी चिपळूणला एप्रिलमध्ये पुलावर थांबून भरलेली वाशिष्ठी बघितली आहे. त्याच महिन्यात त्याच तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाड्यांना टँकर चालू होते.

पोफळी कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. घाट चढून गेलं की कराड, कृष्णाकाठचा ऊस. त्या उसाला पाणी देणारे पंप विजेवर चालतात, आणि त्या विजेत कोयनेची भर असतेच. म्हणजे कृष्णेचं पाणी खाली पडून वीज होतं, वीज तारेतून परत घाट चढते, कृष्णेचं उरलेलं पाणी उपसते, त्याचा ऊस होतो, उसाची साखर होते आणि साखर ट्रकमध्ये बसून कुंभार्लीनेच खाली येते. बोगद्यातून एक पाणी, रस्त्याने दुसरं. दोन्ही कोकणात येतात. पहिलं समुद्रात जातं, दुसरं पोटात. विहिरीत कुठलंच जात नाही.

पंजाबला नावं ठेवायचा मला हक्क नाही. त्यांनी पिकवलं म्हणून माझ्या आधीच्या पिढीने अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाणं थांबवलं. सरकारने हमीभावाने गहू-भात उचलायची खात्री दिली, १९९७ पासून शेतीला वीज फुकट दिली, आणि शेतकऱ्याने कोणीही शहाणा माणूस करील तेच केलं. आता तिथे जमिनीत वर्षभरात जेवढं मुरतं त्याच्या दीडपटीहून अधिक पाणी उपसलं जातं. २००९ साली पंजाबने कायदाच केला, १० जूनच्या आधी भाताची लावणी करायची नाही. भर उन्हाळ्यात खाचरात पाणी साठवलं की ते आभाळात उडून जातं म्हणून. आमच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. इथे लावणीचा मुहूर्त पाऊस ठरवतो, तिथे विधानसभा.

त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासाने देशातल्या राज्याराज्यांत पिकांबरोबर फिरणारं पाणी मोजलं होतं. १९९७ ते २००१ या काळात वर्षाला १०६ अब्ज घनमीटर. आणि दिशा? पंजाब-हरियाणाकडून बिहार, झारखंड, ओडिशाकडे. कोरड्याकडून ओल्याकडे. ज्या पूर्वेत पुराचं पाणी घरात शिरतं तिथे तळ गाठलेल्या जमिनीतलं पाणी धान्यातून पोचवलं जात होतं. कारण पाणी कुठे आहे यावर पीक ठरत नाही. माणशी जमीन किती आणि माल हमखास उचलणारं गिऱ्हाईक कुठे, यावर ठरतं. त्या यादीत मी मनातल्या मनात कोकण लिहून टाकलं. क्षेत्रफळ राज्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, पाणी राज्याच्या जवळजवळ निम्मं, आणि घरातलं धान्य पंजाबचं.

तसं कोकणाने कधी स्वतःचं पुरेसं पिकवलं होतं अशातलाही भाग नाही. रत्नागिरी जिल्हा जुना तुटीचा. दर्यावरून रंगूनचा तांदूळ यायचा. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, रत्नागिरीत नजरकैदेत होता, आणि खाली बंदराच्या बाजारात त्याच्याच इरावतीवरचा तांदूळ मिळत असावा, ही कल्पना मला अधूनमधून सतावते. राजाने कधी तो ओळखला असेल का? १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो तांदूळ बंद झाला. गहू आमच्या ताटात त्याहून नवा. माझ्या लहानपणी चपाती पाहुण्यांसाठी असायची. घरच्यांना तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. आता नाचणी पाहुण्यांसाठी.

आणि इथे मला आभासी पाण्याच्या पुस्तकाशी भांडायचं आहे.

पुस्तक म्हणतं, बाहेरून धान्य आणलं की तेवढं स्थानिक पाणी वाचतं. काकी महिन्याला बारा किलो तांदूळ रेशनवर आणते, म्हणजे आमच्या गावाचं तीस हजार लिटर पाणी वाचलं. पश्चिम आशियात हे खरं असेल. आमच्याकडे ते वाचत नाही. ते जातं.

आमच्या घराखाली सात कुणगे, म्हणजे भाताची लहान खाचरं, आहेत, पायऱ्यांसारखे उतरत व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत. आजोबांच्या काळात सातही लावायचे. प्रत्येक कुणग्याला मेर म्हणजे बांध, मेरेला ठरलेल्या जागी पाणी सोडायचं तोंड. जून ते सप्टेंबर त्यात टाचभर-वीतभर पाणी उभं असायचं. वरच्यातून खालच्यात, खालच्यातून त्याखालच्यात, असं चार महिने ते पाणी रेंगाळायचं आणि चिखलातून थेंब थेंब खाली मुरायचं. काकीची बाव, म्हणजे विहीर, चौथ्या कुणग्याच्या अंगाला. तिचे झरे त्याच बाजूने. तेव्हा मेअखेरपर्यंत बाव शेंदली जायची, तळाला दोन पुरुष पाणी राहायचं. आमची जांभ्या दगडाची जमीन म्हणजे भोकं पडलेली परात. तीन हजार मिलिमीटर ओता, नाहीतर पाच. ती धरत नाही. धरायची ती त्या मेरांनी धरली होती, आणि आम्ही त्यांना भातशेती समजत होतो.

मग तांदूळ रेशनवर आला, तीन रुपयांनी, आणि जानेवारी २०२३ पासून फुकट. लावणीच्या गड्याची मजुरी, जेवण, नांगरणीचा पॉवर टिलर, खत धरलं की घरच्या भाताचा किलो कधीच पन्नाशीखाली येत नाही. पोरं मुंबईत, गोव्यात. आधी तळचे दोन कुणगे पड टाकले, मग वरचे. पड जमिनीच्या मेरा कोण बांधणार? खेकड्यांनी पोखरल्या, एका पावसात मेर फुटून खांड पडली, दुसऱ्यात रुंदावली. आता पाऊस पडतो तसा सातही कुणग्यांतून सरळ व्हाळात जातो, व्हाळातून खाडीत. दुपारी पडलेला संध्याकाळी समुद्राला. पुस्तकातल्या हिशेबाने वाचलेलं काकीचं पाणी ते हेच.

बाव आता मार्चअखेर तळ दाखवते. एवढ्या एकाच कारणाने, असं मी म्हणणार नाही. वरच्या सड्यावर चिरेखाणी झाल्या, बागांच्या बोअरवेल झाल्या, टाकीची नळयोजना आल्यावर बावीतला गाळ काढायचं लोकांनी सोडलं. पण कुणगे आणि बाव एकाच दहा-पंधरा वर्षांत आटले, हे मी पाहिलंय. रेशन बंद करा असं त्यामुळे म्हणायचं की काय? काकीसमोर उभं राहून ते कोणी म्हणून दाखवावं. तिच्या घरात चूल पेटते ती त्या पोत्यामुळे.

जूनमध्ये पंधरा दिवस रजा होती. चुलतभाऊ आणि मी ठरवलं, बावीला लागून असलेला चौथा कुणगा तरी लावायचा. खांड साडेतीन हातांची. दगड रचून मेर बांधणारा गावात एकच म्हातारा उरलाय आणि त्याचे गुडघे गेलेत. त्याने मेरेवर बसून आम्हाला तोंडाने मेर बांधायला शिकवली, बहुतेक शिव्यांनी. दगड पुरेना तेव्हा दुकानदाराकडून रिकामी पोती आणली, माती भरली, तोंड शिवलं आणि खांडीत एकावर एक दाबली. निळी अक्षरं बाहेरच्या अंगाला आली. पंजाब, पंजाब, पंजाब.

पाणी उभं राहिलं. तरवा, म्हणजे भाताची रोपं, शेजारच्या वाडीतून मिळाला, लावणी झाली, आणि ऑगस्टच्या शेवटी रानडुकरांनी तीन रात्रींत निम्म्याहून जास्त कुणगा लोळवला. उरलं ते काकीने कापलं, पायलीने मोजण्याइतकंही नव्हतं. खर्च मी लिहून ठेवला नाही, मुद्दाम. ओल होती म्हणून ऑक्टोबरात तिने तिथेच कुळीथ टाकला.

मधे एकदा, जुलैत, तिने मला मेरेवर हाक मारून बोलावलं होतं. पोत्यांच्या शिवणीतून, ताग कुजायला लागला होता तिथून, हिरवे कोंब बाहेर आले होते. बोटभर उंच, भातापेक्षा काळपट.

"ह्या काय रुजला?"

"गहू. पोत्यात र्‍हवलेलो."

तिने वाकून एक कोंब चिमटीत धरला, वास घेतला. "पंजाबचो?"

"होय."

"पावसात जगूचो नाय," ती म्हणाली, आणि खरंच आठवड्यात ते पिवळे पडले. मग तिने ते उपटून वासराला घातले.